आज किती आणे?

सदर : घरातलं इंजिनिअरिंग

गेल्या अंकात आम्ही फर्नेसचा फिल्टर कधी बदलावा यावर अडीच पानं खर्ची घातली. त्यावर तीन वाचकांचे फोन आले. दोघांनी फिल्टरबद्दल विचारलं. तिसऱ्यांनी विचारलं, "वहिनी हल्ली कार्यक्रमांना दिसत नाहीत, सगळं ठीक ना?" फिल्टरवर आम्ही वीस मिनिटं बोललो. तिसऱ्या फोनला मात्र "हो हो, जरा कामात आहे" एवढं सांगून मोकळे झालो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "कामात नाही म्हणावं, दुखण्यात आहे. फिल्टरवर लिहितोस ना, मग एकदा याच्यावरही लिही की."

तर हा लेख म्हणजे त्या फोनला उशिरा दिलेलं उत्तर. सौ.ने मजकूर वाचला आहे, दोन ठिकाणी लाल पेन चालवलं आहे आणि एक विनोद काढायला लावला आहे. तो विनोद चांगला होता, पण असो.

कॅलगरीच्या मंडळींना चिनूक म्हणजे काय ते सांगायला नको. पण हा अंक टोरांटोलाही जातो, आणि काही प्रती पुण्या-साताऱ्याला आईवडिलांकडे पोचतात, म्हणून थोडक्यात सांगतो. पॅसिफिकवरची दमट हवा रॉकी पर्वत चढते. चढताना ती थंड होते आणि तिच्यातलं पाणी पलीकडे ब्रिटिश कोलंबियात पाऊस नाहीतर बर्फ होऊन पडून जातं. कोरडी झालेली ती हवा आमच्या बाजूला उतरते आणि उतरताना दर हजार मीटरला सुमारे १० अंशांनी तापते. महाबळेश्वरचा धो धो पाऊस डोंगर उतरून वाईला येईपर्यंत रिमझिम होतो ना, त्याच जातीचा प्रकार. फक्त इथे तो भर जानेवारीत घडतो. सकाळी उणे २० असलेला पारा दुपारी अधिक ८ वर जातो. पश्चिमेला आभाळात ढगांची मोठी कमान उभी राहते आणि तिच्याखाली डोंगरांवर निळ्या आकाशाची पट्टी दिसते. हिवाळ्यात तीसेक दिवस हा प्रकार चालतो. कमान दिसली की गाव खूश. गाड्या धुवायला रांगा लागतात, पोरं अर्ध्या चड्डीत फिरतात.

आमच्या घरी कमान दिसली की गरम पाण्याची पिशवी शोधायला सुरुवात होते. बऱ्याचदा कमान दिसायच्या आधीच. रात्री दोनला सौ. उठून बसते आणि म्हणते, "हवा बदलतेय." खिडकीबाहेर पाहावं तर अजून सगळं गोठलेलं असतं.

दुखणं सुरू झालं २०१४ च्या नोव्हेंबरात. लाल दिव्याला आमची गाडी उभी होती, रस्त्यावर नुसती काच झालेली, आणि मागून एक पिकअप घसरत येऊन आदळला. बंपर गेला, बाकी गाडीला काही नाही. सौ.ची मान लचकली होती, ती सहा आठवड्यांत बरी होईल असं सांगितलं गेलं. मान थोडीफार बरी झालीही; पण दुखणं मानेतून निघून खांद्यांवर, पाठीत, दंडांत, मांड्यांत मुक्कामाला गेलं. पुढच्या पाडव्यापर्यंत अंगात न दुखणारी जागा शोधावी लागत होती. रात्रभर झोपून सकाळी उठावं तर मजुरी करून आल्यासारखं अंग मोडलेलं. हिशेबाला आमच्यापेक्षा पक्की असलेली ही बाई दुकानात उभी राहून कोथिंबिरीचं नाव आठवेना म्हणून रडवेली व्हायची. सदऱ्याची शिवण टोचते म्हणून उलटे सदरे घालून बसायची.

मग तपासण्या. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, संधिवाताच्या रक्ततपासण्या, एक्स-रे, एमआरआय. एके दिवशी सगळे रिपोर्ट एकदम हाती आले : सर्व नॉर्मल. आम्ही तर दवाखान्यातून बाहेर पडता पडताच जिलबी घेऊन जायची योजना केली. पार्किंगमध्ये सौ. गाडीत बसली आणि हमसून रडायला लागली. आम्हाला वाटलं, आनंदाने.

हे वाक्य लिहायला सोपं गेलं नाही. पण हेच तेव्हाचं आमचं डोकं होतं. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे यंत्र नॉर्मल. मग तक्रार कसली?

दुखण्याला नाव मिळायला २०१७ उजाडलं. नवीन फॅमिली डॉक्टर मिळाल्या, त्यांनी तासभर नुसतं ऐकून घेतलं आणि फायब्रोमायाल्जिया हा शब्द कागदावर लिहून दिला. पूर्वी, म्हणजे १९९० च्या निकषांप्रमाणे, अंगावरच्या ठरलेल्या १८ जागा बोटाने दाबून पाहत आणि त्यांपैकी ११ दुखल्या तर निदान करत. २०१० मध्ये अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने नवीन निकष काढले. त्यांत तीन महिन्यांहून जास्त काळ अंगभर दुखणं, ताजंतवानं न करणारी झोप, थकवा, विसराळूपणा हे सगळं धरून विचार करतात. कॅनडातल्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात की जागा दाबून पाहायची गरज नाही आणि हे निदान फॅमिली डॉक्टरने करावं. आम्हाला हे आधी माहीत असतं तर स्पेशालिस्टच्या रांगेत काढलेलं एक वर्ष तरी वाचलं असतं.

आता हे दुखणं आहे काय, ते आमच्या भाषेत सांगतो. आम्ही पाइपलाइनवरच्या मोजमापाच्या यंत्रांचं काम करतो. सेन्सरकडून येणारा सिग्नल क्षीण असतो, तो अॅम्प्लिफायरने वाढवून घ्यावा लागतो. त्या अॅम्प्लिफायरचा गेन जास्त लागला तर पाइपमध्ये काहीही बिघडलेलं नसताना कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजत राहतो. माणूस जाऊन पाइप बघतो, व्हॉल्व्ह बघतो, सगळं ठाकठीक. पण कंट्रोल रूममध्ये बसलेल्याचे कान खरोखरच किटलेले असतात. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यातला दुखण्याचा गेन असा वाढलेला असतो, असं आज मानलं जातं. म्हणून एक्स-रेत काही दिसत नाही. एक्स-रे पाइपचा काढतात.

रोज असल्या यंत्रांशी खेळणाऱ्या माणसाला हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. ते आम्हाला कळलं नाही, आणि कळल्यावरही पुरतं पटलं नाही. पुढचा प्रकार त्याचीच साक्ष आहे.

२०१८ च्या हिवाळ्यात सौ. ठामपणे म्हणायला लागली की चिनूकच्या आदल्या रात्री तिचं दुखणं उचल खातं. आम्ही म्हटलं, मोजू या. दाबमापक आणला, बेसमेंटमध्ये लावला, दर दहा मिनिटांची नोंद कॉम्प्युटरवर. सौ.ने सकाळ-संध्याकाळ ० ते १० पैकी एक आकडा सांगायचा. वर आमचा युक्तिवाद तयार होताच. चिनूकच्या आधी हवेचा दाब उतरतो तो साधारण एक-दोन किलोपास्कल. कॅलगरी टॉवर १९१ मीटर उंच आहे. त्याच्या लिफ्टने वरच्या सज्जात गेलं की मिनिटाभरात दीड किलोपास्कल दाब उतरतो. बॅन्फ आपल्यापेक्षा सव्वातीनशे मीटरहून अधिक उंचावर, तिथे गाडीने जाताना साडेतीन किलोपास्कलच्या आसपास फरक पडतो. "मग बॅन्फला कशी तू आनंदात असतेस?" असा बिनतोड सवाल आम्ही टाकला.

सौ. म्हणाली, "बॅन्फला मी पोळ्या करत नाही."

आम्ही हे उत्तर हसण्यावारी नेलं. खरं तर सगळं उत्तर त्याच वाक्यात होतं.

पाच महिन्यांनी आलेख काढला. निळी रेघ दाबाची, लाल रेघ दुखण्याची. दोघींचा एकमेकींशी म्हणण्यासारखा संबंध दिसेना. आम्ही तो आलेख रंगीत छापून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "बघ." तिने बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे मी खोटं सांगते?" आणि ताट घेऊन उठली. त्यानंतर तीन आठवडे तिने आकडा सांगितला नाही. आमच्या नोंदवहीत त्या तीन आठवड्यांच्या चौकटी अजून रिकाम्या आहेत.

त्या तीन आठवड्यांत आम्ही वाचन केलं, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पुढेही जसजसं हाती आलं तसतसं वाचत गेलो. तेव्हा कळलं की या भांडणात मोठमोठी माणसं पडलेली आहेत. १९९६ मध्ये रेडेलमायर आणि ट्वर्स्की या दोघांनी संधिवाताच्या १८ रुग्णांची १५ महिने नोंद ठेवली आणि हवामानाशी संबंध सापडला नाही. माणसाला योगायोगातही नक्षी दिसते, असा त्यांचा निष्कर्ष. हे वाचून आम्ही मनातून सुखावलो होतो, ते कबूल करतो. हॉलंडमध्ये २०१३ साली फायब्रोमायाल्जिया असलेल्या ३३३ बायकांच्या २८ दिवसांच्या नोंदी छापून आल्या, त्यांतही हवामानाचा परिणाम फारच थोडा. पण मग मँचेस्टरच्या मंडळींनी ब्रिटनभरच्या २,६५८ दुखणाईतांकडून फोनवर रोजच्या नोंदी घेतल्या आणि २०१९ मध्ये छापल्या. दमट हवा, जोराचा वारा आणि उतरलेला दाब असलेल्या दिवशी दुखणं वाढण्याची शक्यता खरोखरच जास्त निघाली. जास्त म्हणजे किती? साधारण दिवशी शंभरात पाच, तर अशा वाईट दिवशी शंभरात सहा. म्हणजे सौ.ही खरी आणि आमचा आलेखही खरा. एवढा बारीक फरक एका बाईच्या पाच महिन्यांच्या नोंदीत दिसणार कसा? एका बोल्टवरून पुलाची परीक्षा करण्यातला प्रकार.

आणि आपल्या गावातलाच एक दाखला. अर्धशिशीच्या ७५ रुग्णांवर कॅलगरी युनिव्हर्सिटीत झालेला चिनूकचा अभ्यास २०००च्या सुमारास छापून आला. त्यात ३२ जणांना चिनूकचा त्रास होतो असं निघालं. काहींना तो आदल्या दिवशी होई, काहींना वारा जोरात सुटल्यावर, आणि दोन्ही वेळा होणारे फक्त दोघे. अर्धशिशी वेगळी, फायब्रोमायाल्जिया वेगळा. तरी सगळ्यांचा मिळून एक सरासरी आकडा काढला असता तर ती ३२ माणसं त्यात बुडून गेली असती, हे आमच्या लक्षात आलं.

तो आलेख आम्ही फाडून टाकला. माफी मागितली की नाही ते सौ.ने लाल पेनने खोडलेल्या भागात होतं.

नोंदी पुढे चालू राहिल्या, पण खरा उलगडा केला तो आमच्या आईने. २०२२ च्या ऑक्टोबरात आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली. आल्या आल्या तिचंही ठरलेलंच : "आमच्या वेळी नव्हती बाई असली दुखणी." सौ. काही बोलली नाही. आम्ही आईला ती ० ते १० ची पट्टी समजावून सांगितली. तिला ते दहातलं गणित काही पटेना. ती सरळ सुनेला विचारायची, "आज किती आणे?" सौ. म्हणायची, "बारा आणे, आई." की आई पोळपाट ओढून घ्यायची. सोळा आण्यांतली ही पट्टी आमच्या घरात अशी रुळली की आमची इथे जन्मलेली चौदा वर्षांची मुलगी, जिने जन्मात आणा पाहिला नाही, तीसुद्धा शाळेतून आली की आधी विचारते, "मॉम किती आणे?"

डिसेंबरातल्या एका चिनूकनंतर सौ. दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. आम्ही दाबाची नोंद काढून बसलो होतो. आई मागून आली आणि म्हणाली, "त्या घड्याळात काय बघतोस? परवा ती किती वेळ उभी होती ते बघ की." खरंच की. परवा ऊन पडलं म्हणून सौ.ने काय काय केलं होतं? गॅरेज झाडलं, चार मशीन कपडे धुतले, पडदे काढले, आठवड्याचं सामान आणलं, मुलीचे बूट बदलून आणले आणि संध्याकाळी शेजारी फराळाचं द्यायला गेली. गारठ्याचे दहा दिवस घरात कोंडून काढल्यावर हवा मोकळी झाली, अंग जरा हलकं वाटलं, की दहा दिवसांची तुंबलेली कामं एका दुपारी उरकायची. त्याचं बिल दीड-दोन दिवसांनी यायचं. तोवर चिनूक जाऊन पुन्हा गारठा आलेला असायचा, आणि आम्ही सगळे हवेच्या नावाने खडे फोडायचो.

आमच्या धंद्यात याला लॅग म्हणतात. कारण आज घडतं आणि परिणाम परवा दिसतो. आम्ही चार वर्षं आजचा दाब आणि आजचं दुखणं समोरासमोर ठेवत होतो. नोंदवहीत नवीन रकाना घातला : आज उभ्याने किती तास काम केलं. तो दोन दिवसांनी सरकवून दुखण्याच्या रेघेवर ठेवला, तेव्हा कुठे दोन रेघा एकमेकींच्या ओळखीच्या वाटायला लागल्या. झोपेचंही तेच. चिनूकचा वारा सुटला की घराच्या पत्र्या वाजतात, खिडक्या घुमतात, रात्र वाया जाते, आणि झोप गेली की दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतंच. हवा थेट किती दुखवते आणि झोप मोडून किती, ते आमच्या बेसमेंटमधल्या यंत्राला कळणार नाही. आमचा अंदाज विचाराल तर सोळा आण्यांत हवामान चार-पाच आणे. उरलेला हिशेब घराचा. हा एका घरापुरता अंदाज आहे, तुमच्याकडे गणित वेगळं असू शकेल.

घराचा हिशेब म्हणजे काय, त्याचा नमुना सांगतो. त्याच जानेवारीत आपल्या मंडळाच्या संक्रांतीला सौ.ने दोनशे तिळाचे लाडू करून दिले. नाही म्हणता आलं नाही. लाडू वळताना हात चालतात ते पाहून आम्हालाही वाटलं, बरी आहे. कार्यक्रमाच्या दिवशी ती घरी पडून होती. आम्ही एकटेच गेलो. तिथे एक ओळखीच्या बाई म्हणाल्या, "अय्या, परवाच मॉलमध्ये दिसल्या होत्या, चांगल्या हसत होत्या!" त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण या दुखण्याची मेख तिथेच आहे. प्लास्टर नाही, टाके नाहीत, कुबडी नाही. चार आण्यांच्या दिवशी माणूस मॉलमध्ये दिसतो. चौदा आण्यांच्या दिवशी तो कोणालाच दिसत नाही.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई शेक द्यायला बसली होती. तिळाचं तेल कोमट करून ती सुनेच्या पाठीला हलक्या हाताने लावायची. यानं दुखणं बरं होत नाही, पण तासभर बरं वाटतं, आणि तासभर म्हणजे काही थोडं नाही. तेल लावता लावता आई एकदम म्हणाली, "माझंही असंच व्हायचं गं. आषाढात आभाळ भरून आलं की अंगभर ठणका. मांड्यांना साडी बांधून घट्ट आवळायचे आणि दळण दळायला बसायचे. सांगणार कुणाला? सासूबाई म्हणायच्या, वात आहे." आम्ही दारात उभे होतो. पन्नास वर्षांत हे आईने आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि आम्ही कधी विचारलंही नव्हतं. आईला हाच आजार होता की आणखी काही, ते आता कोण सांगणार. पण "आमच्या वेळी नव्हती असली दुखणी" हे वाक्य त्या दिवसापासून आमच्या घरात ऐकू आलेलं नाही.

आता करतो काय, तेही सांगायला हवं, कारण फोन त्यासाठीच येतात. औषधं आहेत : प्रीगॅबलिन, ड्युलॉक्सेटिन, कमी मात्रेत अॅमिट्रिप्टिलिन. कोणाला कोणतं लागू पडेल ते डॉक्टर ठरवतात, आणि कितीतरी जणांना थोडाच गुण येतो. सौ.ला एकाने झोप लागते, दुसऱ्याने चक्कर येत होती म्हणून सोडलं. अफूच्या जातीच्या वेदनाशामकांपासून या आजारात लांबच राहावं असं बहुतेक तज्ज्ञ सांगतात. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये सगळे पुरावे चाळून ज्या एकाच गोष्टीची ठाम शिफारस केली ती म्हणजे व्यायाम. अंग ठणकणाऱ्या माणसाला व्यायाम कर म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ, हे आम्हाला कळतं. म्हणून पाच मिनिटांपासून सुरुवात. दर आठवड्याला एखादं मिनिट वाढवायचं. चांगल्या दिवशी जास्त नाही, वाईट दिवशी अगदीच शून्य नाही. बाहेर उणे २५ असलं की शनिवारी सकाळी आम्ही दोघं डाउनटाउनला जातो आणि इमारतींना जोडणाऱ्या प्लस फिफ्टीन पुलांमधून चालतो. १९७० पासून वाढत गेलेलं हे जाळं आता पंधरा किलोमीटरहून जास्त आहे. ऊबदार, सपाट, आणि जागोजागी बसायला बाकं. आमच्यासारख्यांनाच नजरेसमोर ठेवून बांधल्यासारखं वाटतं. बुधवारी ती रिक्रिएशन सेंटरच्या कोमट पाण्याच्या तलावात जाते. पोहत नाही, पाण्यात चालते. ताई चीचे चांगले निष्कर्ष २०१० मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये छापून आले आहेत. त्या वर्गाला नाव घातलं आहे, आम्हीसुद्धा. आमचा तोल बघून मास्तर हसतात.

बाकी ओळखीची मंडळी हळद सांगतात, कोरफड सांगतात, गहू सोडा म्हणतात. मायेने सांगतात, ऐकून घेतो. फक्त गावाकडून पुडीत बांधून आलेली बिननावाची भस्मं आणि चूर्णं घेऊ नका. अशा काही औषधांत शिसं सापडलेलं आहे, आणि शिशाने नवंच दुखणं मागे लागेल.

हवामानाच्या अंदाजाचं काय? फोनवरची दाब उतरल्याची सूचना आम्ही बंद केली. ती वाजली की सौ.चे खांदे कानापर्यंत जायचे आणि दुखणं हवेच्या आधी येऊन बसायचं. आठवड्याचा अंदाज रविवारी एकदा बघतो, तोही वेगळ्या कामासाठी. चिनूक येणार असेल त्या दिवशी काय काय करायचं नाही, त्याची यादी करतो. फ्रिजवर कागद लावतो, त्यावर सौ. मनात आहे ते सगळं लिहिते, आणि मग अर्ध्यावर काट मारते. काट मारलेली कामं आम्ही आणि मुलगी वाटून घेतो, किंवा ती होत नाहीत. पडदे गेल्या दिवाळीपासून धुतलेले नाहीत. घर पडलं नाही.

दुखणं आजही येतं. गेल्या फेब्रुवारीत आठवड्यात दोन चिनूक आले आणि कुठलीही यादी उपयोगी पडली नाही. पाच दिवस चौदा आणे. सौ. अंधार करून पडून राहायची, आम्ही पिशवीतलं पाणी बदलायचो. अशा वेळी आम्ही पूर्वी म्हणायचो, "अगं, दाब तर स्थिर आहे." आता शेजारी बसून राहतो. बेसमेंटमधलं यंत्र चालू आहे, पण त्याची नोंद आम्ही तिच्या देखत उघडत नाही.

यंदा संक्रांतीच्या आधी मंडळातून फोन आला. शंभर गुळाच्या पोळ्या जमतील का? कमान पश्चिमेला उभी होती, ऊन छान पडलं होतं, सौ. सहा आण्यांवर होती. आम्ही पाहत होतो, तिच्या ओठांवर "हो" आलेलं. मग ती म्हणाली, "मी वीस करीन, त्याही दोन दिवसांत मिळून. बाकीच्या दुसऱ्या कोणाला सांगा ना." पलीकडे जरा शांतता झाली. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "वाईट दिसलं का रे?" आम्ही म्हटलं, "दिसू दे." आणि उरलेल्यांपैकी तीस पोळ्यांचा विडा आम्हीच उचलला. आई साताऱ्याहून व्हिडिओवर बसून गुळात बेसन किती, खसखस किती ते सांगत होती आणि मधून मधून कपाळाला हात लावत होती.

तेव्हा मंडळी, यंदाच्या कार्यक्रमात ज्यांना पोळी जरा जाड लागली आणि कडेने गूळ बाहेर आलेला दिसला, त्यांनी वहिनींना बोल लावू नये. ती आमच्या हातची होती.